रंगाऱ्याचा मुलगा

दहावीच्या सुट्टीत माझ्या हातून सुताचा एक अख्खा लॉट वाया गेला नसता, तर आज मी या महाविद्यालयात नसतो. हे वाक्य लिहिताना थोडी लाज वाटते. पण जे आहे ते आहे.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. आजोबा हातमागावर बसत. आण्णा, म्हणजे माझे वडील, मी जन्मलो त्याच्याही आधीपासून डाईंगमध्ये कामाला आहेत. सोलापूरची चादर सगळ्यांना ठाऊक आहे. चादरीवरची फुले मागावर उमटतात खरी, पण त्या फुलांचा रंग आधी कुठल्यातरी शेडमध्ये वाफाळलेल्या टाकीत तयार होतो, आणि त्या टाकीवर माझ्या वडिलांसारखा कुणीतरी माणूस उभा असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आण्णांचे हात कोपरापर्यंत कधीच एका रंगाचे नसतात. लहानपणी मी त्यांच्या नखांकडे बघून आज कुठला माल निघाला ते ओळखण्याचा खेळ खेळत असे. आणि बहुतेक वेळा चुकत असे. आण्णा हसायचे. पोरगे गंमत करते आहे, असे त्यांना वाटायचे.

दहावीचा पेपर संपला आणि त्यांनी मला कामावर नेले. काम सोपे होते. वाळलेल्या लड्या शेडप्रमाणे वेगळ्या करायच्या, गठ्ठे बांधायचे आणि चिठ्ठी लावायची. सातव्या दिवशी मरून आणि गडद हिरव्या लड्या मी एकाच गठ्ठ्यात बांधल्या. एक-दोन नव्हेत, सगळ्याच! माल मागावर चढला आणि चादरीची पट्टी मध्येच रंग बदलू लागली. माल परत आला. आण्णांच्या हप्त्यातून पैसे कापले गेले. त्याहून वाईट म्हणजे, "रंगाऱ्याच्या पोराला रंग कळंना व्हय?" असे सगळ्यांसमोर कुणीतरी म्हणाले. त्या रात्री आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उचलला. मग बराच वेळ गप्प बसून आईला म्हणाले, "ह्याचं लक्ष कामात नाही. रंगाचा धंदा ह्याच्या नशिबी नाही. शिकू दे काय शिकतो ते."

असा मी कॉलेजात आलो. शिक्षणाची ओढ होती म्हणून आलो, असे स्नेहसंमेलनात सांगायला बरे वाटते. खरे कारण मात्र सुताच्या त्या गठ्ठ्यात बांधलेले आहे.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी भूगोल घेतला. प्रथम वर्षात नकाशे आवडले होते. समोच्चरेषा काढताना हात कधी थरथरला नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात सरांनी प्रत्येकाच्या हाती एकेक मोठा कागद दिला. आपल्याच जिल्ह्याची, उपग्रहाने टिपलेली प्रतिमा. वर ट्रेसिंग पेपर ठेवून तीन गोष्टी वेगळ्या करायच्या होत्या : पाणी, बागायती पीक आणि मोकळी रानं. सर म्हणाले, "लाल दिसेल ते पीक, काळं-निळं दिसेल ते पाणी, आणि निळसर-करडी दिसतील ती नांगरलेली काळी रानं. सोपं आहे."

सर्वांना सोपे होते. मी पेन्सिल फिरवू लागलो. भीमा सापडली. तिचा काळा पट्टा मी मोठ्या हौसेने रेखाटला. सरांनी माझा कागद उचलला आणि म्हणाले, "अरे, भीमेला एवढा पूर कधी आला? ही नदी आहे की समुद्र?" वर्ग हसला. नदीकाठचा सगळा ऊस मी नदीत बुडवला होता! शेजारच्या मित्राने बोट ठेवून दाखवले, "हे बघ, इथवर काळं, इथून लाल." मला त्याचे बोट दिसले. सीमा दिसली नाही.

त्यानंतर महिन्याभरातच राष्ट्रीय सेवा योजनेचे नेत्रतपासणी शिबिर झाले. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचे एक पुस्तक पुढे धरले. जपानचे डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ साली काढलेली ती चित्रे आजही जगभर वापरतात. पहिल्या पानावरचा आकडा मी वाचला. पुढच्या पानांवर नुसते ठिपके होते. माझ्या मागे रांगेत उभा असलेला मुलगा खांद्यावरून डोकावून भराभर आकडे वाचत होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुला लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे. जन्मापासूनचा. याला औषध नाही, आणि घाबरण्यासारखंही काही नाही."

घाबरण्यासारखे काही नाही! त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोरून काय काय गेले म्हणून सांगू? प्राथमिक शाळेत झाडाची पाने तपकिरी रंगवली म्हणून हातावर बसलेली पट्टी. आण्णांची नखे. तो गठ्ठा. तो हात. लाल रंग मला दिसतच नाही असे नाही. पण तो विझत आलेल्या निखाऱ्यासारखा मंद दिसतो, आणि काळ्याशेजारी आला की काळ्यातच मिसळून जातो. इतरांना तो तसा दिसत नाही, हे मला एकोणीस वर्षे कुणी सांगितले नव्हते. सांगणार तरी कोण? दुसऱ्याच्या डोळ्यांनी कुणाला बघता येते?

घरी मी काहीच सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी विषय बदलण्याचा अर्ज लिहिला. भूगोलाऐवजी इतिहास. इतिहासात रंग ओळखावे लागत नाहीत, एवढाच विचार होता. (इतिहासाच्या सरांनी रागावू नये.)

अर्ज घेऊन भूगोल विभागात गेलो. सरांनी तो वाचला, कारण विचारले. मी सांगितले. सरांनी अर्जाची घडी घालून मला परत दिली आणि संगणकावर तीच प्रतिमा उघडली. मग असे काही सांगितले, की ते मी वर्गात ऐकले असूनही मला कळले नव्हते.

उपग्रह रंगीत फोटो काढीत नाही. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरचा लिस-३ हा कॅमेरा जमिनीवरून परतलेला प्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो. हिरव्या प्रकाशाचा एक पट्टा, तांबड्याचा एक, आणि तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा, अवरक्ताचा. प्रत्येक पट्ट्याची प्रतिमा मुळात काळी-पांढरीच असते. जिथून जास्त प्रकाश परतला ते ठिकाण उजळ, जिथून कमी परतला ते काळे. जमिनीचा साडेतेवीस मीटर लांबी-रुंदीचा एकेक तुकडा म्हणजे त्या प्रतिमेतला एकेक ठिपका, आणि ठिपका म्हणजे नुसता एक आकडा. आता या तीन काळ्या-पांढऱ्या प्रतिमा एकत्र दाखवायच्या तर संगणकाच्या पडद्यावर तीनच दिवे आहेत : लाल, हिरवा, निळा. अवरक्ताची प्रतिमा लाल दिव्याला द्यायची, तांबड्याची हिरव्याला आणि हिरव्याची निळ्याला. झाले रंगीत चित्र! म्हणून या चित्रातील रंगांना आभासी रंग म्हणतात.

पीक लाल का दिसते, याचेही उत्तर यातच आहे. हिरवे पान आपल्याला हिरवे दिसते, कारण त्यातील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा थोडासा परतवते. पण निरोगी पानाच्या आतील पेशींची रचनाच अशी असते, की अवरक्त प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग ती परत फेकते. आपल्याला ते दिसत नाही एवढेच. पाणी मात्र अवरक्त प्रकाश गिळून टाकते, म्हणून ते काळे. दुसऱ्या महायुद्धात खऱ्या झाडीत दडवलेल्या, हिरवा रंग फासलेल्या तोफा विमानातून ओळखता याव्यात म्हणून एक खास फिल्म तयार झाली होती. तिच्यावर खरी झाडी लाल उमटे आणि रंगवलेले कापड वेगळे पडे. लाल पिकांची ही चाल तेव्हापासूनची. भारतात १९७०च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अशाच अवरक्त फिल्मवर केरळातील नारळीच्या बागा टिपल्या आणि मूळकुज रोग लागलेली झाडे वरून ओळखली. आपल्या देशातील दूरसंवेदनाची सुरुवात तिथून मानतात. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह या मालिकेत गेला.

सर म्हणाले, "आता ऐक. अवरक्ताच्या बाबतीत या वर्गातले सगळेच्या सगळे रंगांधळे आहेत. मीसुद्धा. तो रंग कुणालाच दिसत नाही. कुणीतरी त्याला लाल खुर्ची दिली म्हणून तो आम्हाला लाल दिसतो. ती खुर्ची तुला दिसत नसेल तर खुर्ची बदलू. जमीन बदलत नाही."

आणि त्यांनी खरोखरच बदलली. अवरक्ताची प्रतिमा लाल आणि हिरवा अशा दोन्ही दिव्यांना दिली आणि तांबड्याची निळ्याला. क्षणात भीमेच्या दोन्ही काठांनी उसाची रानं माझ्यापुढे पिवळीधमक उभी राहिली आणि मध्ये नदी, एखाद्या बारीक काळ्या दोऱ्यासारखी! मी किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक. उत्तरेला हिप्परग्याचा तलाव, शहराचा करडा डाग, पश्चिमेकडून उतरणारी सीना, आणि खाली हत्तरसंग कुडलला ती भीमेला मिळते तो कोपरा. आपला जिल्हा मी पहिल्यांदा पाहिला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

"अर्ज खिशात ठेव," सर म्हणाले, "पंधरा दिवसांनी वाटलं तर दे."

त्या पंधरा दिवसांत मी ग्रंथालयात बसून रंगांविषयी मिळेल ते वाचले. त्यात दोन माणसे भेटली. पहिला जॉन डाल्टन. अणुसिद्धांतामुळे त्याचे नाव आपण शाळेत ऐकतो. पण रंगांधळेपणावर पहिला महत्त्वाचा शास्त्रीय निबंध १७९४ साली त्यानेच वाचला, आणि तो स्वतःच्या डोळ्यांविषयी होता. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा असे त्याला वाटे, म्हणून मृत्यूनंतर डोळे तपासावेत अशी त्याने व्यवस्था केली. १८४४ साली तो गेला. द्रव स्वच्छ निघाला. पण डोळे जपून ठेवले होते, आणि १९९५ साली त्यांतील गुणसूत्रद्रव्य तपासून त्याचा दोष नेमका कुठला ते सांगता आले. त्याचा प्रकार माझ्याहून थोडा वेगळा होता. मला मात्र त्यात सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच होती. डाल्टनचा बाप विणकर होता!

दुसरा मॅक्सवेल. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने जगातले पहिले रंगीत छायाचित्र दाखवले, असे मानतात. लाल, हिरव्या आणि निळ्या काचांतून एकाच वस्तूची तीन काळी-पांढरी छायाचित्रे घ्यायची आणि त्याच रंगांच्या काचांतून तीन दिव्यांनी ती पडद्यावर एकावर एक पाडायची. आजचा उपग्रह दुसरे काय करतो? आणि त्याने छायाचित्र कशाचे घेतले असेल? राजाराणीचे नव्हे, फुलाचेही नव्हे. स्कॉटलंडच्या चौकटीदार विणीच्या रंगीत फितीचे! शंभर वर्षांनी, १९६१ साली, आणखी एक गंमत लक्षात आली. त्या काळची फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळपास आंधळीच होती. फितीतला लाल रंग डोळ्याला न दिसणारे जंबुपार किरणही परतवीत होता आणि फिल्मवर उमटले ते तेच. म्हणजे जगातल्या पहिल्या रंगीत छायाचित्रातला लाल हाही एक प्रकारे आभासीच.

हे सारे वाचून झाल्यावर मला आण्णांना काहीतरी दाखवावेसे वाटले. त्यांना जमेल असेच काहीतरी. मिरवणुकीच्या दिव्यांना लावतात तो रंगीत जिलेटीन कागद आणला, दोन बॅटऱ्या घेतल्या, एकीला लाल लावला, दुसरीला हिरवा. रात्री जेवणानंतर दिवा घालवला आणि पांढऱ्या भिंतीवर दोन्ही झोत सोडले.

"आण्णा, लाल आणि हिरवा एकत्र केला तर काय होईल?"

"शेणकाला होईल," आण्णा म्हणाले. आयुष्य टाकीवर गेलेल्या माणसाचे उत्तर. सुतात रंग मिसळताना प्रत्येक रंग उजेडाचा थोडा भाग खातो. जितके रंग घालू तितका उजेड कमी, शेवटी काळपट चिखल. दिव्यांचे उलटे असते. तिथे उजेडात उजेड मिळत जातो. हे मला पुस्तकामुळे ठाऊक होते. मी दोन्ही झोत एकमेकांवर नेले.

आण्णा एकदम पुढे सरकले. "पिवळा! अरे, पिवळा कसा काय आला बे?" भिंतीजवळ जाऊन त्यांनी हाताची सावली पाडून बघितली, पुन्हा बाजूला झाले. "लाल-हिरव्यात पिवळा! येऊन बघ गं!" म्हणून आईला हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मस्त आहे की! तुला कसा दिसतो, लिंबू का हळदी?"

शेड विचारण्याची त्यांची सवय. मी खोटे बोलू शकलो असतो. "मला दिसत नाही, आण्णा," मी म्हणालो. "मला तिन्ही जवळजवळ एकच दिसतात. पुस्तकात पिवळा लिहिलंय म्हणून मी तुम्हाला विचारलं."

मग शिबिराचे सगळे सांगितले. अंधार होता म्हणून सांगता आले. दोन्ही बॅटऱ्या भिंतीवर तशाच होत्या. आण्णा काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे त्या लड्या... तुझं लक्ष होतं?"

"होतं, आण्णा."

ते उठले आणि ओसरीत जाऊन बसले. आईने दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी खिशातून सुताच्या दोन छोट्या लड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. दोन्ही मला सारख्याच दिसल्या. "बोटानं बघ," ते म्हणाले. एकीच्या बांधणीच्या दोऱ्याला एक गाठ होती, दुसरीच्या दोऱ्याला दोन. "टाकीत कागदाची चिठ्ठी टिकत नाही. म्हणून आम्ही लॉटला गाठी मारतो. एक गाठ मरून, दोन हिरवा. त्या वेळी तुला हे दाखवायला पाहिजे होतं." एवढेच बोलून ते हातपाय धुवायला गेले. माझ्या वडिलांनी माझी मागितलेली माफी ती एवढीच. मला ती पुष्कळ झाली.

त्या गाठींनी मला एक गोष्ट शिकवली, जी पुढे सरांनी वेगळ्या शब्दांत सांगितली. उपग्रहाची प्रतिमा वाचताना रंग ही फक्त एक खूण आहे. आकार, पोत, रचना, सावली, ठिकाण आणि शेजार याही खुणाच आहेत. भूवैज्ञानिकाला तर रंगापेक्षा त्यांचाच आधार जास्त. आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून हा खडक झाला. आजही तो जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. मैलोन्‌मैल एकच खडक, वर तीच काळी माती. रंगाने त्यात काय वेगळे काढणार? पण त्या खडकाला भेगा आहेत. पाणी घट्ट पाषाणात मुरत नाही. ते भेगांत, झिजलेल्या मुरमात, दोन थरांच्या सांध्यात आणि विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या छिद्राळ खडकात साठते. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात ती भेग सापडणे म्हणजे विहीर सापडणे. वरून बघताना अशी भेग सरळ रेषेसारखी दिसते. कुठे ओढा वळणे सोडून अचानक सरळ धावतो, कुठे माळावर झाडांची ओळ लागते. भूवैज्ञानिक या रेषांना लिनिअमेंट म्हणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने भूजलाच्या शक्यतेचे जे नकाशे केले, त्यांत अशाच रेषा आखलेल्या आहेत, आणि आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्यांचा आधार घेते.

माझे आजोळ मोहोळ तालुक्यात, सीनेपासून थोडे आत. मामाचे दोन बोअर कोरडे गेले होते. दोन्ही वेळा पाणाड्याचा नारळ तळहातावर उभा राहिला होता म्हणे. सरांना विचारून मी मार्च महिन्यातली, म्हणजे रानं वाळलेली असतानाची, अवरक्त पट्ट्याची काळी-पांढरी प्रतिमा घेतली. रंगांचा प्रश्नच नको! मामाच्या शिवारात मला दोन सरळ उजळ रेषा सापडल्या. छाती धडधडली. ट्रेसिंग करून सरांना दाखवले. ते म्हणाले, "छान. आता जाऊन बघ. पायांनी बघितल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही."

एप्रिलच्या उन्हात मी आणि मामा निघालो. पहिल्या रेषेवर पोहोचलो आणि मामा पोट धरून हसू लागला. "भाच्या, हा तर आमचा मोहोळला जायचा रस्ता!" रस्त्याच्या दोन्ही कडांना कडुनिंबाची जुनी झाडे, एका ओळीत. माणसाने लावलेली. खडकाच्या भेगेशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. आकारही फसवतो तर! मी चांगलाच ओशाळलो.

दुसरी रेषा म्हणजे एक ओढा. वरच्या अंगाला सापासारखा वळत येणारा, मग साधारण दीड किलोमीटर दोरी लावल्यासारखा सरळ, आणि पुढे एकदम काटकोनात वळलेला. ओढा कोरडा होता. पात्रात उघड्या पडलेल्या पाषाणावर भेगा होत्या. एक नाही, कितीतरी, आणि सगळ्या ओढ्याच्याच दिशेने. सरळ भागाच्या काठाने करंज आणि उंबर भर उन्हाळ्यात पानांनी भरलेले. ती पाने हिरवी होती हे मला मामाने सांगितले. गर्द होती हे मलाही दिसले. मामा म्हणाला, "उंबराखाली पाणी असतं, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची." वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचे एक अख्खे प्रकरण झाडांवरून आणि वारुळांवरून पाणी शोधण्यावर लिहिले आहे, ते मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "त्याला काय, त्यालाबी कुणा म्हाताऱ्यानंच सांगितलं असंल."

इथे पाणी लागले, असे लिहून हा लेख संपवता आला असता तर किती बरे झाले असते! पण मामाने अजून बोअर घेतलेला नाही. सरांनीही त्याला घाई करू दिली नाही. प्रतिमा पाणी दाखवत नाही, कुठे शोधावे ते सांगते. आता तिथे जमिनीतून वीज सोडून खडकाचा विद्युतरोध मोजायचा, मगच ठरवायचे. दोन बोअरचे कर्ज अजून मामाच्या डोक्यावर आहे. तिसरा भाच्याच्या हौसेखातर मारायचा नाही, एवढे मलाही कळते.

त्या दिवशी मामाच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. आई त्या निवडत बसली होती. मी तिला सांगितले, की हा दोष आईकडून मुलाकडे येतो, पण आईला स्वतःला तो बहुधा नसतो. तिचा चेहरा उतरला. मला वाटले, हे सांगून मी चूक केली. थोड्या वेळाने ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आबा मिरची तोडायला जाताना मला कायम बरोबर न्यायचे. पिकलेली कुठली, कच्ची कुठली, पोरी तू सांग, म्हणायचे. मला वाटायचं, माझे लाड करतात." माझे आजोबा मी पाहिलेले नाहीत. त्यांनीही कुणाला काही सांगितले नसावे. पण त्यांना त्यांची उपग्रहाची चकती मिळाली होती, सहा-सात वर्षांची, परकर नेसलेली.

मित्रांनो, हे सगळे मी का लिहिले? आपल्यात असे आणखी कुणी असतील म्हणून. लाल-हिरव्याचा हा दोष मुलांमध्ये दुर्मिळ नाही. वर्गात एखाद्याचे पान तपकिरी झाले, नकाशातला प्रदेश चुकला, तर त्याचे लक्ष नाही असे ठरवण्याआधी त्याला काय दिसते ते एकदा विचारा. आणि आपल्या प्राध्यापकांना एक विनंती. प्रश्नपत्रिकेतल्या नकाशावर रंगांबरोबर रेघा आणि ठिपक्यांच्या खुणाही द्याव्यात. दोन गाठी मारण्याइतकेच ते सोपे आहे.

अर्ज अजून माझ्या वहीत आहे. त्याच्या पाठीमागे मी त्या ओढ्याचा कच्चा आराखडा काढला आहे, त्यामुळे आता तो देता येणार नाही.

गेल्या रविवारी आण्णांना कॉलेजात आणले. ते पहिल्यांदाच आले. चपला बाहेर काढू का, असे त्यांनी दारातच विचारले. सरांनी त्यांना संगणकासमोर बसवले आणि शहराची प्रतिमा दाखवली, सगळ्यांना दिसते ती, लाल पिकांची. आण्णांनी विचारले, "हा फोटो किती वाजता काढलाय?" सर म्हणाले, "उपग्रह इकडून सकाळी साधारण साडेदहाला जातो." आण्णांनी मान डोलावली. "बरोबर. शेड बघायची तर त्याच वेळेला बघायची. ट्यूबखाली रंग खोटा दिसतो." मग पडद्याजवळ वाकून मला म्हणाले, "आपलं डाईंग कुठं आहे ते दाखव."

मी बोट ठेवले. आण्णांनी बराच वेळ त्या करड्या ठिपक्याकडे पाहिले.